दुसऱ्याचा जाळ

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५
माण

नोकरी सोडून आज तेवीस दिवस झाले. आईला अजून सांगितलेलं नाही. अकोल्याहून रोज सकाळी नऊला तिचा फोन येतो, "मृण्मयी, निघाली का गं ऑफिसला?" आणि मी घाईत असल्यासारखं "हो, हो" करते. एकतीस वर्षांच्या बाईनं हे करणं म्हणजे कठीणच आहे.

पण आज ही वही आणली, म्हणजे लोकांना डोंगर फिरवायच्या धंद्याचा नारळ फुटला असं समजायला हरकत नाही. नाव ठरलं आहे 'पायपीट'. जुना टीममेट पियूष म्हणाला, असल्या नावानं कोण येणार? तर पहिल्याच तुकडीला अठरा जणांनी नावं दिली आहेत. रविवार, ५ ऑक्टोबर.

वाट अशी: माले ओलांडलं की पुढे डांबरी सोडायची. खालची वाडी लागते. तिथून दोन तास खडा चढ. वर धनगराचं एकच घर. मग तळं, आणि तळ्यात येणाऱ्या ओढ्याच्या कडेनं वर गेलं की एकावर एक तीन धबधबे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे देवराई. मार्चमधल्या वणव्यात ती जळाली. मी जाहिरातीत तेच लिहिलं आहे, 'जळालेलं रान पुन्हा कसं उभं राहतं ते बघायला चला.'

गंमत म्हणजे जळण्याआधी ते रान पाहणारे शेवटचे बाहेरचे लोक आम्हीच. ८ मार्चला, शनिवारी, मी, पियूष आणि आणखी दोघं देवराईतच मुक्कामाला होतो. रविवारी सकाळी उतरलो, आणि मंगळवारी आग लागली. नशीब, दोन दिवसांनी वाचलो.

लोकांना शिकवायच्या गोष्टीही इथेच लिहून ठेवते. शेकोटीचा पसारा तसाच टाकून जाणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. मार्चमध्ये धबधबे कोरडे होते, तळं अर्ध्या तासावर, पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. तरी आम्ही चुलीचे दगड उचलून जागच्या जागी ठेवले, निखाऱ्यांवर तिथलीच भुसभुशीत माती लोटली, वर वीतभर पाचोळा पसरला. निघताना वळून पाहिलं तर आपण कुठे बसलो होतो ते माझं मलाच ओळखू येईना. असं काम पाहिजे.

रविवार, २४ ऑगस्ट

पाय भरून आलेत, पण लिहिलंच पाहिजे.

वरच्या घरातला सोमनाथ वाटाड्या म्हणून येणार आहे. पंचवीस-सव्वीसचा असेल. बोलणं तोलूनमापून. त्याची आई चिमाबाई अंगणात शेळ्यांना पाला घालत होती. घरात दोघंच. वडील बाजी वणवा विझवायला गेले आणि तिथेच गेले, हे मला वाडीत कळलं होतं. मी म्हटलं, "फार वाईट झालं, मावशी." ती म्हणाली, "व्हय." पुन्हा शेळ्यांना पाला घालायला लागली.

तळं काठोकाठ भरलं आहे. पहिला धबधबा बायकापोरांना सहज जमेल असा. दुसऱ्यापाशी मात्र निसरडं आहे, दोर लावावा लागेल. आणि मग देवराई. काळे खांब उभे आहेत नुसते. पण बुंध्यांतून पोपटी धुमारे फुटलेत, जांभळाला तर हातभर, आणि काळ्या जमिनीवर तेरडा असा फुलला आहे की डोळे दिपतात. फोटो अप्रतिम येतील.

दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे आवाज. ओली गोधडी दगडावर आपटावी तसा. सप... सप... सप... मग थोडा थांबून पुन्हा. सोमनाथला विचारलं तर म्हणाला, "धबधबा असंल." असेलही.

दुसरं म्हणजे वाटेवर एक डहाळी पडली होती, पानांसकट, ताजी तोडलेली, चीक ओला. आणि शेंड्याची पानं करपलेली. भर पावसात कोणी पानं भाजली असतील? मी ती उचलली, तर सोमनाथनं माझ्या हातातून घेतली आणि दरीत टाकली. मला ते आवडलं नाही. कचरा दरीत टाकायचा नसतो, हे त्याला सांगावं लागेल.

रविवार, ३१ ऑगस्ट

आज चिमाबाईकडे चहा केला. म्हटलं, दर खेपेला हिच्या जिवावर प्यायचा, एकदा आपण करून घालू. चूल पेटवायला मला वीस मिनिटं लागली आणि मावशी पदराआड हसत होती. पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

चहा झाल्यावर मी उठले, तर म्हणाली, "इझव की आता."

"तुम्हीच विझवा ना मावशी, मला वर जायचंय."

"तू पेटीवलीस. दुसऱ्याचा जाळ दुसऱ्याला इझत न्हाई."

त्यांच्यात तशी रीतच आहे म्हणे. ज्यानं चूल पेटवली त्यानंच पाणी शिंपडून ती विझवायची. पेटवणारा बाहेर गेला, तर तो येईपर्यंत लाकूड घालून ती जागती ठेवतात. मी म्हटलं, "मग वणव्याचं काय? तो तर सगळं गाव मिळून झोडपतं." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान पोरानं काही विचारावं.

"झोडपून फुडं जायाचा थांबतुया. इझत न्हाई. लावणाऱ्यानं सोताच्या हातानं पाणी घातल्याबिगर न्हाई इझत."

मी चुलीत पाणी शिंपडलं आणि निघाले. तुकडीतल्या लोकांना ही रीत सांगायला छान आहे. स्थानिक संस्कृती वगैरे.

उतरताना वाडीत नरहरी म्हणून एक म्हातारे भेटले, वाडीत त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, "त्या पोराला कशाला घेताय संगं? त्यानंच लावला वणवा. नवं गवत फुटावं म्हणून. अन् बाप खाल्ला." आता सोमनाथकडचं दूधही वाडीत कोणी घेत नाही. मला संताप आला. पुरावा काय, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "वर दुसरं हाय कोन?"

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन, आज सोमनाथ आला नाही. एकटीच गेले.

आवाज दुसऱ्या धबधब्यापासून सुरू झाला. मी मुद्दाम घड्याळ लावून मोजलं. धबधब्याचा आवाज असा थांबून-थांबून येत नाही. जशी वर चढत गेले तसा तो बाजूला सरकत गेला, माझ्या डाव्या हाताला, दिसेल इतका जवळ. कारवीच्या पानांची हालचाल दिसली. माणूस मात्र दिसला नाही. मी "कोण आहे?" म्हणून ओरडले आणि स्वतःच्याच आवाजाला घाबरले.

आमची मार्चमधली जागा शोधायची होती, म्हणजे लोकांना 'आधी आणि आता' असा फोटो दाखवता येईल. तिथला मोठा हिरडा जळून त्याचं खोड राहिलं आहे, त्यावरून सापडली. सगळीकडे तेरडा, नेचे, गुडघाभर हिरवळ. त्या जागी मात्र परातीएवढा गोल मोकळा. एक काडी उगवलेली नाही. सहज हात टेकला, तर जमीन कोमट.

पाऊस पडत होता. माझे हात गार होते, म्हणून तसं वाटलं असेल. गार हातांना काहीही कोमट लागतं.

करपलेल्या डहाळ्या आज पाच होत्या.

रविवार, १४ सप्टेंबर

सोमनाथ आज बोलला. दुसऱ्या धबधब्यापाशी दोर बांधून झाल्यावर आम्ही भाकरी सोडली होती. तो खाईना. मग एकदम म्हणाला, "ताई, वाडीवाली बोलत्यात ती खोटं न्हाई."

आग लागली त्या मंगळवारी सकाळी तो शेरडं घेऊन देवराईच्या अंगाला गेला होता. तिथे बिडी ओढली. "दगडावर घासली. पर पुरती इझली का न्हाई, ते मला आठवत न्हाई. लई आठवून बघतुया. रातसारी आठवून बघतुया. दुपारच्याला धूर दिसला. मी शेरडं खाली आणस्तोवर आबा डहाळी घेऊन फुडं गेलतं. मीच मारलं त्यांना."

"आईला माहीत आहे?"

"तिला कोन्त्या तोंडानं सांगू?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, की अरे, तू मुद्दाम नाही केलंस, अपघात होता, स्वतःला माफ करायला शिक. खूप वेळ समजावलं. त्यानं मान डोलावली. भाकरी तशीच परत बांधली.



मंगळवार, १६ सप्टेंबर

पियूषला फोन केला. सोमनाथचं सगळं सांगितलं, बिचारा किती जळतोय आतून, वगैरे. तो म्हणाला, "मृण्मयी, आपण पाणी घातलं नव्हतं."

"माती घातली होती."

"ती माती नव्हती गं. कुजलेला पाला होता तो, वर्षानुवर्षांचा. मी नंतर वाचलं. आतल्या आत दोन-दोन, तीन-तीन दिवस धुमसत राहतं, मुळांतून सरकतं. आणि वर तू पाचोळा घातलास."

मी त्याला वाटेल ते बोलले. भित्रा, अर्धवट, गूगल पंडित, सगळं. आम्ही रविवारी उतरलो आणि आग मंगळवारी लागली, हे त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "बरं. नसेलही. पण तू कुणाला बोलू नकोस हं." आणि ठेवला.

बोलण्यासारखं आहेच काय?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

काही नाही. अठराचे बावीस झाले.

रविवार, २१ सप्टेंबर

वाडीनं निरोप धाडला आहे. दसरा झाला की वरचं घर रिकामं करायचं. बापाला जाळणारा पोरगा त्यांना डोक्यावर नको आहे. सोमनाथ म्हणाला, माणमध्ये एका सोसायटीत राखणदाराचं काम मिळतंय, तो आईला घेऊन जाईल. पण आई हलायला तयार नाही.

मी तिची समजूत घालायला बसले. म्हटलं, "मावशी, इथे आता काय राहिलंय? पाण्याला लांब, दूध कोणी घेत नाही."

"मालकांना सोडून कशी येऊ? त्ये अजून कामात हायेत."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मग तिनं बोट वर केलं, ऐक म्हणून. आवाज अंगणापर्यंत येत होता. सप... सप... सप.

"पहाटंपास्नं लागत्यात," ती म्हणाली. "दुपारी जरा थांबत्यात. कुनाचा जाळ, कुनाला ठावं, अन् ह्ये झोडपत्यात. इझतोय व्हय त्यो त्यांच्यानं?"

मी म्हटलं, "सोमनाथला सांगितलंत?"

"सोमाला येत न्हाई ऐकू. वाडीतल्या कुनालाच येत न्हाई." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही, खरंच विचारावं तसं. "मला येतुया, मी त्यांची बायकू हाय. तुला का येतुया गं, पोरी?"

पाऊस येईल म्हटलं आणि उठून आले. उतरताना दोनदा पडले.

मंगळवार, २३ सप्टेंबर

या वहीची पहिली पानं वाचली. 'असं काम पाहिजे.' माझंच अक्षर, खाली रेघ मारलेली.

गुरुवार, २५ सप्टेंबर

मन कसं चोर असतं ते बघते आहे. सकाळी वाटतं, बोलून काय मिळणार, बाजी परत येणार आहेत का? दुपारी वाटतं, बिडीही असू शकते, कोण छाती ठोकून सांगणार? संध्याकाळी वाटतं, त्यांना दुसरीकडे चांगलं घर बघून देऊ, सोमनाथला 'पायपीट'मध्ये कायमचा ठेवू. इतकं सगळं सुचतं, फक्त एक वाक्य सोडून.

कोमट नव्हती ती जमीन. गरम होती. हात पटकन काढून घ्यावा लागला होता. मी वहीतसुद्धा खोटं लिहिलं.

रविवार, २८ सप्टेंबर

जसं झालं तसंच लिहिणार.

सोमनाथला म्हटलं, दोन हंडे घे आणि माझ्याबरोबर चल. तिसऱ्या धबधब्याखाली ते भरले, एक त्यानं घेतला, एक मी. कशाला, म्हणून त्यानं विचारलं नाही. आवाज आज आधीपासूनच होता, आणि नेहमीपेक्षा घाईचा. त्या मोकळ्या गोलापाशी पोचल्यावर मी हंडा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. आम्ही इथे होतो. शेकोटी मी पेटवली होती. पाणी घातलं नाही. वर पाचोळा मी घातला, माझ्या हातानं, कोणाला दिसू नये म्हणून.

त्याला आधी कळलंच नाही. मी हातांनी माती उकरायला लागले. चार बोटांवर हिरड्याचं मूळ लागलं. ते लाल होतं. अख्खा पावसाळा त्याच्यावरून गेला होता, आणि ते आत लाल होतं, कोणी फुंकर घातल्यासारखं उजळत होतं. सोमनाथ एकदम मागे सरला.

सप, सप, सप. आता अगदी समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर. जमिनीवर फटका बसायचा तेव्हा राख उडताना दिसत होती. डहाळी दिसत नव्हती, धरणारा दिसत नव्हता. पण धाप ऐकू येत होती. म्हाताऱ्या माणसाची, दमलेल्या. मी आयुष्यात इतकी घाबरले नाही, आणि आयुष्यात इतकी लाजही वाटली नाही.

मी म्हटलं, "बाजीकाका, थांबा. हा माझा जाळ आहे. मी विझवते."

दोन्ही हंडे ओतले. चर्र झालं, वाफ तोंडावर आली. मूळ काळं पडलं. आणि आवाज थांबला. धाप एकदा ऐकू आली, लांबलचक, ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तशी, आणि मग तीही नाही. नुसतं धबधब्याचं पाणी पडत होतं.

सोमनाथ उकिडवा बसला होता. "म्हंजे माजी बिडी न्हवती?" त्यानं विचारलं.

"नव्हती."

"नक्की न्हवती?"

"नव्हती रे. माझी शेकोटी होती."

त्यानं तिसऱ्यांदा तेच विचारलं आणि मग तो रडला. मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता रडत बसला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवायची हिंमत केली नाही.

खाली आलो तेव्हा चिमाबाई अंगणात उभी होती, तोंड रानाकडे. "थांबलं," ती म्हणाली. मी तिलाही सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग आत जाऊन दार ओढून घेतलं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

वाडीत नरहरींना सांगून सगळ्यांना गोळा केलं आणि सगळ्यांसमोर बोलले. एक बाई माझ्या पायाशी थुंकली. नरहरींनी विचारलं, "लिहून देतीस?" दोन प्रती लिहून दिल्या, सही केली. एक वाडीकडे, एक मी उद्या वनखात्यात स्वतः नेऊन देणार. पुढे जे होईल ते होईल.

नरहरींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "लई पाप केलं आमी त्या पोरासंगं." दसऱ्याला ते स्वतः वर जाऊन सांगणार, की घर सोडू नका.

बावीस जणांना कळवलं, जाणार नाही, आणि कारणही कळवलं. मग नऊची वाट न बघता आईला फोन केला.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

नरहरींबरोबर वर गेले. त्यांनी सोन्याची पानं आणि दुधाची रिकामी किटली नेली होती. पुन्हा दूध न्यायला आलोय, असं सांगायला. मी त्यांच्या मागे. मनात कुठेतरी, खरं सांगते, बरं वाटत होतं. निदान यांचं घर तरी राहिलं, असं.

अंगणात गाठोडी बांधलेली होती. शेळ्यांच्या गळ्यांत दावी. सोमनाथ छपराचा पत्रा उतरवत होता.

नरहरींनी हात जोडले. "चिमे, चुकी झाली. तुमी कुटं जायाचं न्हाई. ही जागा तुमचीच हाय."

"व्हय जी. कळलं सोमाकडनं." चिमाबाईनं सोन्याची पानं घेतली, त्यांच्या पाया पडली. मग माझ्याकडे वळली. डोळे सुजलेले होते.

"ऱ्हावा म्हणत्यात, पोरी. कुनासंगं ऱ्हाऊ? सा म्हैनं त्यांचं काम चाललंवतं, मी हितं भाकरी करायची, ऐकत बसायची. वाटायचं, हायेत. तू सोडीवलंस त्यांना, लई बरं केलंस, त्ये थकलंवतं. पर समद्यांचा बाजी मार्चात गेला. माजा मालक मला आयतवारी मेला."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं मला उठवलं नाही आणि लाथही मारली नाही. पाय अलगद काढून घेतले आणि शेळ्यांच्या मागून वाट उतरायला लागली. गाठोडं डोक्यावर होतं. मी म्हटलं, "द्या, मी घेते."

ती म्हणाली, "नगं. माजं हाय."